जुन्या गाडीवरची एक फेरी

"सांगा की वस्ताद, जुनी भारी का नवी?"

संग्रामनं हेल्मेट काढता काढता विचारलं. कोल्हापूरबाहेरच्या बंद पडलेल्या धावपट्टीवर टायर मांडून वळणं केली होती. त्याच्या नव्याकोऱ्या हजार सीसी गाडीवर तीन फेऱ्या मारून तो नुकताच थांबला होता. खोटं कशाला बोला, पोरगं चालवायचं झकास.

दस्तगीर वस्ताद धावपट्टीकडं पाठ करून दगडावर बसले होते. तिन्ही फेऱ्यांत त्यांनी एकदाही मान वळवली नव्हती.

रविवारी शर्यत होती. वस्ताद 'जा' म्हणाले तरच आई सोडणार होती. आणि वस्ताद सहजासहजी 'जा' म्हणत नसत. त्यांचे दोन पठ्ठे शर्यतीत जिवानिशी गेले होते... दोघंही याच्यापेक्षा सरस.

"सात वेळा पडलास," वस्ताद म्हणाले.

"पडलो? मी? चेष्टा करता काय! एक ओरखडा दाखवा गाडीवर."

"चाक घसरलं की तुझी गाडी आपणहून इंजिनाचा जोर कमी करती. आवाज अडखळतो. सात वेळा ऐकला मी. सातही वेळा तिनं तुला उचललं. तुला पत्ताच न्हाई."

"मग त्यासाठीच तर घेतली!" संग्रामचा आवाज चढला. "तुमच्या जुनीत काय आहे असं?"

वस्तादांनी खिशातून किल्ली काढून त्याच्या तळहातावर ठेवली. शेडमध्ये त्यांची तीस वर्षांपूर्वीची साडेसातशे सीसी गाडी उभी होती.

"एक फेरी."

त्या एका फेरीला फार वेळ लागला. ही गाडी अर्धी मूठ पिळेपर्यंत काहीच देत नव्हती, आणि मग सगळं एकदम देत होती. ब्रेक जरा जास्त दाबला की पुढचं चाक अडून बसायचं. वळणात टायर सरकला की थेट मांड्यांना कळायचं. मध्ये सावरायला कुणी नव्हतं.

परत आला तेव्हा त्याला स्टँडही लावता येईना.



"तिसऱ्या वळणावर मेलोच होतो, वस्ताद." तो खाली बघत होता. "आईचा चेहरा आला डोळ्यांपुढं. भ्यालो मी. लाज वाटते सांगायला."

त्यानं हेल्मेट काढून हातात घेतलं.

"आईला मीच सांगतो," संग्राम शेवटी म्हणाला, "तुम्ही नको म्हणालात असं."

वस्ताद उठले. त्याच्या हातातलं हेल्मेट त्यांनी घेतलं, त्याच्या डोक्यावर चढवलं आणि गळ्याखालचा पट्टा स्वतः आवळला. आजवर कुणाचा पट्टा त्यांनी बांधला नव्हता.

"जा रविवारी."

संग्रामचे डोळे भरून आले.

"कुठली गाडी नेऊ, वस्ताद?"

"ही भीती संगं ने. गाडी कुठली बी चालंल."