डाळिंबाच्या घंट्या

एकदा काय झालं, नदीच्या वळणावरच्या एका लहानशा गावात भिवरा नावाची माळीण राहायची. घरात ती आणि तिची मुलगी सोनकी, दोघीच. सोनकी नऊ वर्षांची, भारी बडबडी. तर या सोनकीला विचित्रच आजार जडला. ताप नाही, खोकला नाही. ती नुसती हलकी व्हायला लागली. रोज थोडी थोडी, बरं का. आधी तिची पावलं धुळीत उमटेनात. मग झोका वर गेला की ती वरच रेंगाळायची. मग एक दिवस चुलीपुढून उठली ती थेट आढ्याला जाऊन टेकली.

भिवराने तिला पाय धरून खाली ओढलं आणि लुगड्याच्या पट्टीने खाटेला बांधलं.

कुडापलीकडून शेजारीण म्हणाली, "काय गं भिवरे, पोरगी आहे की शेळी?"

सोनकीच म्हणाली, "शेळीच आहे मावशी. सुटले ना, की तुमची पडवळं वरच्या वर खाणार."

शेजारीण हसली. भिवराला हसू आलं नाही.

मग वैद्यबुवा आले. त्यांनी सोनकीला तळहातावर उचलून पाहिलं. जाताना म्हणाले, "विहिरीवरचं डाळिंब हिला खाऊ घाला. एका दाण्याला जमिनीवरचा एक दिवस. भरल्या डाळिंबात वर्षभराचे दाणे असतात. पुढच्या वर्षी पुन्हा फळ येतंच."

पंचक्रोशीत डाळिंबाचं तेवढं एकच झाड होतं, आणि ते भिवराच्याच राखणीत होतं. माघ महिना होता. झाड लालभडक फुललं होतं. आता डाळिंबाला फुलं दोन तऱ्हेची येतात, ठाऊक आहे का? एक फूल देठाशी निमुळतं, घंटीसारखं. ते चार दिवस डोलतं आणि गळून पडतं. दुसरं देठाशी फुगीर, कळशीसारखं. फळ धरतं ते या कळशीला. घंट्या पुष्कळ, कळशा थोड्या.

भिवराने जन्मभर एका भाकरीचे वाटे करून पाहिले होते. खाणारी तोंडं जास्त, की प्रत्येकाच्या वाट्याला कमी. तिने झाडाकडे पाहिलं आणि मनाशी म्हणाली, या घंट्या आयत्या बसून खातात. यांचं पाणी माझ्या कळशांना मिळू दे. मग तिने परडी घेतली आणि घंट्या खुडायला लागली.

पहिल्या दिवशी परडी भरून घरी आली. सोनकी म्हणाली, "आई, यांना कशाला तोडलंस?"

"फळ धरत नाहीत त्या."

"म्हणून काय झालं? मी तरी काय करते? नुसती खाटेवर पडून असते."

"गप बस," भिवरा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी एक मधमाशी तिच्या नाकासमोर येऊन थांबली. "अहो बाई, मी घंटीतलं पिवळं पीठ पायाला लावून कळशीच्या घरी जाते. कळशीकडे स्वतःचं असतं, पण चिमूटभर. तेवढ्यात तिचं भागत नाही. तुम्ही घंट्याच ठेवल्या नाहीत, तर मी रिकाम्या पायांनी जाऊन काय करू?"

"तुझी पोरगी आहे का आजारी?" भिवरा म्हणाली आणि तिने पदराने माशीला हाकलून लावलं.

तिसऱ्या दिवशी झाड स्वतः बोललं. झाडं सहसा बोलत नाहीत. ते एवढंच म्हणालं, "भिवरा, थोड्या तरी राहू दे."

तिने ऐकलं. ऐकलं नाही असं नाही. पण तेव्हा सोनकी पिसाएवढी हलकी झाली होती. भिवराने शेंड्यापर्यंत चढून शेवटची घंटीसुद्धा खुडली.

मग एकेक कळशी पिवळी पडली आणि गळली. एक तेवढी राहिली. तिला भिवराने उन्हाळाभर ओंजळीने पाणी घातलं. आषाढात फळ पिकलं. लिंबाएवढं. तिने ते खाटेशी बसून फोडलं. आत पांढरी सालं आणि तीन दाणे.

सोनकीने तिन्ही दाणे खाल्ले. पहिल्या दिवशी ती विहिरीपर्यंत चालत गेली, आणि ओल्या मातीत तिची पावलं उमटली. दुसऱ्या दिवशी ती शेजारणीच्या मुलीशी भांडली, पडली, गुडघा फोडून आली. भिवरा त्या रक्ताकडे बघतच राहिली. तिसऱ्या दिवशी सोनकी म्हणाली, "आई, आज मांडीवर घे ना. आज मी जड आहे." भिवराने घेतलं. मांडीला मुंग्या आल्या, तरी ती हलली नाही.

चौथ्या दिवशी सकाळी ती मांडी हलकी झाली. एवढंच.

पुढच्या माघात झाड पुन्हा फुललं. भिवराने एकाही घंटीला हात लावला नाही. मधमाशा आल्या, गेल्या. आषाढात फांद्या जमिनीला टेकल्या, एवढी डाळिंबं धरली. भिवराने ती गावातल्या पोराबाळांना वाटली. कुणाला दोन, कुणाला चार. पोरांनी तोंडं लाल करून घेतली. शेजारणीची मुलगी म्हणाली, "काकू, तुम्ही नाही खात?"

"नको गं. मला कडू लागतात," भिवरा म्हणाली.

काय रे? ती सुखी झाली का? गाव सुखाने नांदलं. पोरं मोठी झाली, त्यांची लग्नं झाली, त्यांना पोरं झाली. सगळं गाव सुखाने नांदलं, आणि भिवरा त्या गावातच राहत होती.

चला, मिटा डोळे आता.