शालिकचा कडेकोट बंदोबस्त

वैनगंगेच्या काठच्या एका गावात एक भोळा माणूस होता. भोळा हे तोंडावर. पाठीमागे लोक दुसरा शब्द वापरायचे. नाव शालिक. सांगितलेलं काम तो सांगितलं तसंच करायचा, तसूभर इकडे नाही की तिकडे नाही. अशा माणसाला काही सांगताना आधी स्वतः विचार करावा. पण लोक कुठे करतात?

त्याची बायको रत्नमाला नाटकं लिहायची. पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतलं गाव ते. दिवाळी झाली की तिकडे गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. त्या वर्षी रत्नमालेनं हिंमत करून स्वतःची नाटक कंपनी काढली आणि नवं नाटक लिहायला घेतलं. 'गजऱ्यात लपला नाग'. खून कोणी केला हे शेवटपर्यंत कोणाला कळू द्यायचं नाही, असा तिचा बेत. नाटक आधी फुटलं तर कंपनी पहिल्याच हंगामात बुडणार.

आणि फोडणारा गावातच होता. यशवंतराव नाकतोडे. त्याची कंपनी मोठी, जुनी. गड्यानं जन्मात एक ओळ लिहिली नाही, पण दरवर्षी नवं नाटक हजर. कुठून यायचं ते सगळ्यांना ठाऊक होतं. बोलायचं कोणी नाही.

रत्नमाला लिहायची घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर. तो फार रखडायला लागला तेव्हा तिची धाकटी बहीण चंद्रकला नागपूरहून आली. ती कॉम्प्युटरच्याच नोकरीत. तिनं जुनी विंडोज काढून त्यात लिनक्स टाकलं. कॉम्प्युटर पळायला लागला. जाताना ती म्हणाली, "भाऊजी, याला व्हायरस सहसा लागत नाही."

शालिकनं 'सहसा' तेवढं गाळलं आणि बाकीचं घेतलं. यात तो एकटा नाही. लिनक्स वापरणारे चांगले शिकलेसवरलेलेही तो शब्द गाळूनच ऐकतात.

"आपल्याला व्हायरस लागत नाही," शालिक टपरीवर सांगत सुटला. पासवर्ड काढून टाकला. ज्या घरात चोर शिरतच नाही त्याला कुलूप कशाला? कॉम्प्युटर ओसरीवर, वाऱ्याला आणून ठेवला.

एक दिवस नाकतोडेचा तबलजी पाणी मागायला आला. शालिकनं त्याला कॉम्प्युटरपुढच्याच खुर्चीत बसवलं. तांब्या दिला. तबलजीनं आणखी पाणी मागितलं. शालिक पुन्हा विहिरीवर गेला. असं बराच वेळ चाललं. एवढी तहान लागलेला माणूस शालिकनं पाहिला नव्हता. संध्याकाळी नाकतोडेच्या घरी 'गजऱ्यात लपला नाग'चा पहिला अंक तोंडपाठ झाला होता.

रत्नमालेनं कपाळावर हात मारला आणि बहिणीला फोन लावला.

"भाऊजी, पासवर्ड लावा," चंद्रकला म्हणाली. "आणि तो कोणाला सांगू नका. कोणाला म्हणजे कोणालाच."

"बरं. ध्यानात ठेवतो."

आणि ठेवलं. तिथंच घात झाला.

दुसऱ्या दिवशी रत्नमाला लिहायला बसली. कॉम्प्युटर पासवर्ड मागतो.

"अहो, पासवर्ड काय टाकला?"

"सांगता येत नाही."

"मी बायको आहे तुमची!"

"कोणालाच म्हणजे कोणालाच. तुझीच बहीण म्हणाली."

"मग नाटक काय तुमी लिहून राहिले का?"

"मला कुठं येते?"

नट तालमीला जमले होते. विडी ओढून परत गेले. शेवटी रत्नमालेनं त्याची तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पुडी लपवली. संध्याकाळपर्यंत शालिक पिवळा पडला आणि बोलला. पुन्हा फोन.

"अहो भाऊजी, ताईला नाही सांगायचं तर कोणाला? जो त्याच्यावर काम करतो त्याला पासवर्ड द्यायचा. समजलं?"

"बरं. ध्यानात ठेवतो."

आठवडा गेला असेल. एक फोन आला. गोड आवाज. "सर, कॉम्प्युटर कंपनीतून बोलतोय. तुमच्या मशीनवर आम्हाला थोडं काम करायचं आहे. पासवर्ड सांगता का?"

शालिक सावध माणूस. त्यानं उलटतपासणी घेतली. "काम करणार ना? नुसते बसणार तर नाही?"

"कामच करणार, सर."

"मग घ्या."

त्यानं पासवर्ड दिला. ते सांगत गेले ती अक्षरं एकेक बोटानं दाबली. मग पडद्यावरचा बाण आपोआप फिरायला लागला. कप्पे उघडतोय, आत डोकावतोय. शालिक कौतुकानं बघत राहिला. मग आत गेला, चहा टाकला, आणि कप-बशी नेऊन पडद्यापुढे ठेवली.

रत्नमाला बाजारातून आली. "हे काय? चहा कोणासाठी?"

"हळू बोल. माणूस काम करून राहिला."

तिनं पिशवी टाकली आणि भिंतीतली वायर उपटली. चंद्रकलेनं नवा पासवर्ड घालायला लावला आणि फोनवरच शालिकला फैलावर घेतलं. "अनोळख्यानं काही मागितलं तर नाही म्हणायचं! पडद्यावर काही विचारलं आणि समजलं नाही, तरी नाहीच म्हणायचं! येईल एवढं?"

"बरं. ध्यानात ठेवतो."

त्या दिवसापासून पडद्यावर रोज एक चौकट यायची. अपडेट आलं आहे, घेऊ का? शालिकला अपडेट म्हणजे काय ते समजायचं नाही. नाही. उद्या पुन्हा. नाही. चौकट लाल झाली, मोठी झाली, काकुळतीला आली. शालिक बधला नाही. टपरीवर छाती पुढे काढून सांगायचा, "रोज येते आणि रोज हाकलतो."

मग एका सकाळी दुसरा अंक उघडला तर आत अक्षरांची नुसती खिचडी. खाली इंग्रजीत धमकी. पैसे टाका, नाहीतर विसरा.

रत्नमाला मटकन खाली बसली. शालिक तिला धीर द्यायला गेला.

"पण रत्ना, हा व्हायरस नाही हां. लिनक्सला व्हायरस लागत नाही. हा कोणीतरी माणूस दिसतो."

"माणूसच आहे," रत्नमाला म्हणाली. "आणि घरातलाच आहे."

आता चंद्रकला स्वतः आली. आतलं सगळं पुसून नव्यानं भरलं. म्हणाली, "भाऊजी, तुमच्या त्या चहावाल्या पाहुण्यानं मागचं दार उघडंच ठेवलं. वर भिंतीला भोकं पडत होती. अपडेट म्हणजे ती बुजवणारा गवंडी. त्याला तुम्ही रोज दारातून हाकललंत!"

"ओळख नव्हती त्याची," शालिक म्हणाला.

अपडेट तिनं आपोआप होईल असं करून ठेवलं. शालिकला विचारायचंच नाही. मुळात हेच आधी करायचं होतं, पण शहाणी माणसं हे नेहमी शेवटी करतात.

रत्नमालेनं दोन्ही अंक आठवून आठवून पुन्हा लिहिले. तिसराही संपवला. फक्त शेवटची ओळ, खुनी कोण सांगणारी, ती काही केल्या कॉम्प्युटरमध्ये घातली नाही. डोक्यातच ठेवली. रात्रंदिवस डोक्यात ठेवून जड झाली तेव्हा भात टाकता टाकता एकदा शालिकला ऐकवली. नवराच तो. दुसऱ्या कोणाला ऐकवणार?

नाटक पुरं होईपर्यंत राहिलेली चंद्रकला गाडीत बसता बसता म्हणाली, "भाऊजी, नाटकाची एक प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवा. घरात नको, घरालाच काही झालं तर? बाहेर, चांगल्या मजबूत जागी. प्रतीलाही पासवर्ड लावा. आणि तो पासवर्ड तिथंच नको, वेगळ्या माणसाकडे द्या. आणि नुसती ठेवून भागत नाही. सगळं शाबूत आहे का, एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासायचं."

"बरं. ध्यानात ठेवतो."

या वेळी शालिकनं एक शब्द गाळला नाही. गावात फिरून मजबूत जागा शोधली. शाळेचं छप्पर गळकं. ग्रामपंचायतीच्या कपाटाला दार नाही. लोखंडी फाटक, दांडगी कुत्री आणि वर कॅमेरा, अशी जागा गावात एकच.

"या शालिकभाऊ," यशवंतराव नाकतोडे म्हणाला. "काय आणलं?"

"रत्नाच्या नाटकाची प्रत. तुमच्या तिजोरीत ठेवा."

नाकतोडेच्या हातातली सुपारी गळून पडली. "आणि उघडायची कशी?"

शालिक हसला. तो काही एवढा खुळा नव्हता. नाकतोडे चोर आहे हे त्याला चांगलं माहीत होतं. "पासवर्ड तुम्हाला नाही मिळायचा, यशवंतराव. तो वेगळ्या माणसाकडे देणार."

आणि आत जाऊन तो नाकतोडेच्या बायकोला देऊन आला.

मंडई भरली. रत्नमालेच्या कंपनीआधी शेजारच्या गावात नाकतोडेच्या कंपनीचा पडदा उघडला. रत्नमाला प्रेक्षकांत उभी होती. पहिल्या वाक्यालाच तिनं ओळखलं. तिचीच वाक्यं, तिचीच गाणी. शेजारी शालिक ओठ हलवत, मान डोलवत, एकेक शब्द जुळवून घेत होता. त्याचा चेहरा फुलत चालला होता.

शेवट आला. नाकतोडेकडे शेवटची ओळ नव्हती. त्यानं आपल्या अकलेनं जोडली. इन्स्पेक्टर पुढे येऊन म्हणाला, "खुनी फरार झाला!"

लोकांनी शिट्ट्या मारल्या. "पैसे वापस करा बे!" खुर्च्या वाजल्या. नाकतोडे विंगेत घाम पुसत होता. रत्नमालेच्या जिवात जीव आला. नाटक गेलं, पण नाटकाचा जीव तिच्याकडे होता. शेवट आपल्याच कंपनीत बघायला हे सगळे येतील, आणखी दहा गावं घेऊन येतील. किती दिवसांनी ती हसली.

तेवढ्यात शालिक खुर्चीवर चढला.

"थांबा! थांबा! एक ओळ कमी आहे! आंधळी आई पुढे येते आणि म्हणते, 'खून मीच केला, आणि मी आंधळी कधीच नव्हते!'"

रंगमंचावरची आंधळी आई मोठी हुशार नटी. तिनं काळा चष्मा फेकला, पुढे आली आणि ती ओळ अशी टाकली की अख्खा मंडप उठून उभा राहिला. टाळ्या थांबेनात. नाकतोडे कमरेपर्यंत वाकून नमस्कार करत होता.

शालिक खुर्चीवरून खाली उतरला, कपाळावरचा घाम पुसला आणि बायकोला म्हणाला, "आता चंद्रकलेला सांग, बिनघोर झोप म्हणावं. पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासलं. सगळं शाबूत आहे."