गाळ काढणाऱ्यांची फडकी

कोणे एके काळी, नक्की कधी ते आता कुणालाच सांगता येणार नाही, एका उंच गडाची राखण कुत्री करत असत. अनोळखी वासाचे कुणी तटाच्या आत आले, की ती त्याला तिथेच लोळवत.

कुत्री तयार करण्याचे काम एका म्हातारीकडे होते. गडावरच्या प्रत्येक घराने अंगावर वापरलेले एक फडके न धुता तिला द्यायचे, अशी रीत होती. कुंभाराचे, सुइणीचे, राजवाड्यातलेसुद्धा. आपल्या बंदिस्त अंगणात ती फडकी दोरीला बांधून म्हातारी पिल्लांना त्यांमधून रोज फिरवी. एखादे पिल्लू कुठल्याही फडक्यावर पुन्हा पुन्हा तुटून पडले, तर त्याला दारावर कधीच नेमत नसत. ते खालच्या रानात डुकरांमागे जाई.

काही पिल्ले मात्र वेगळीच निघत. ती चावत नसत; भांडणाऱ्या दोघांच्या मध्ये आडवी उभी राहत. त्यांना म्हातारी जपून ठेवी. खैरी नावाची कुत्री त्यांतलीच.

एके वर्षी नवा किल्लेदार पाहणीला आला. त्याने नाकाला उपरणे लावले.

"हे काय कुजलंय इथे?"

"पाण्याच्या टाक्यांतला गाळ काढणाऱ्यांची फडकी आहेत, सरकार. मागच्या कड्याला त्यांची चार घरं आहेत."

"ती माणसं इकडे कधी येतात तरी का?"

"येत नाहीत, म्हणूनच फडकं हवं. रोज दिसणाऱ्याची ओळख आपोआप होते."

"मग कुत्र्यांना त्यांच्याच पंगतीला बसव," असे म्हणून किल्लेदार हसला आणि त्याने ती चार फडकी तटाखाली टाकायला लावली. म्हातारी आणखी एकदा बोलू शकली असती. ती बोलली नाही.

तीन वर्षे पिल्ले त्या फडक्यांवाचून वाढली. जुनी कुत्री थकली आणि दारे नव्यांकडे गेली.

एका सकाळी गडावर बिबट्या शिरला. कुत्र्यांनी त्याला गडभर पळवून मागच्या कड्यावरून हुसकावला. इथवर त्यांचे काम चोख होते. पण परतताना ती टाक्यापाशी आली. तिथे त्या चार घरांतला भिवा गुडघाभर गाळात उभा होता. असला वास त्यांनी कधीच घेतला नव्हता. त्यांनी भिवाचा उजवा हात फाडला. त्याच्या मुलीने त्याला कसेबसे ओढून घरात नेले.

त्या दिवसापासून कुत्री टाक्याच्या पायऱ्यांवर बसून राहिली. गाळ काढायला कुणी उतरेना. पंधरवड्यात पाणी हिरवे पडले, महिन्याभरात घराघरांत मुले तापाने फणफणली. आत शत्रूचा एकही माणूस नव्हता, तरी गड आजारी पडला.

"कुत्री मारून टाका," किल्लेदार म्हणाला.

"मारा," म्हातारी म्हणाली. "पुढच्या बिबट्याला काय, उपरणं दाखवणार?"

म्हातारी खैरीला घेऊन टाक्याकडे निघाली. भिवाची मुलगी टोपली घेऊन मागे आली.

"आजी, ही म्हातारी कुत्री त्यांना आवरेल?"

"माहीत नाही गं. तू माझ्या मागे राहा."

खैरीने मुलीचा हात हुंगला. तो वास तिच्या लहानपणच्या अंगणातला होता. ती पायरीवर जाऊन आडवी उभी राहिली. तरणी कुत्री गुरगुरली. खैरी गुरगुरलीही नाही आणि हललीही नाही. बऱ्याच वेळाने एक कुत्रा बसला, मग दुसरा. मुलगी पाण्यात उतरली.

आठ दिवसांत पाणी निवळले. पण त्या कुत्र्यांची खोड गेली नाही. ती होती तोवर टाक्यावर खैरीला किंवा तिच्यासारख्या कुणाला तरी उभे राहावेच लागले. भिवाचा हात पुन्हा कधी खांद्याच्या वर उचलला गेला नाही.

पुढच्या पिल्लांच्या वेळी किल्लेदार स्वतः त्या चार घरांपाशी फडकी मागायला गेला.

"धुऊन देऊ का, सरकार?" भिवाने विचारले.

"नको. आहे तसंच दे."

वैद्य सांगतात, आपल्या छातीच्या हाडामागेही असे एक अंगण असते, एक लहानशी ग्रंथी. रोगांशी लढणारे देहाचे राखणदार पहाऱ्यावर जाण्याआधी तिथे देहातल्या घराघरांची ओळख करून घेतात. एखादे घर राहून गेले, तर ते आपल्याच घरावर तुटून पडतात.

यातून घ्यायचे ते एवढेच : राखणदाराच्या हाती दार देण्याआधी त्याला आपली सगळी माणसे दाखवावीत, आणि नजरेआड राहणारी सर्वांत आधी.