दोन हातांचं दुपटं

फार मागची गोष्ट. इतकी मागची, की त्या वेळच्या राजाचं नावही आता कुणाला सांगता यायचं नाही. उंच पठारावर मेंढपाळांचं एक गाव होतं. वारा बोचरा, थंडी कडक. त्या गावात बाळ जन्मलं, की त्याला लोकरीच्या दुपट्यात गुंडाळत. एका बाळाचं दुपटं दुसऱ्या बाळाला घालायचं नाही, असा तिथला रिवाज. म्हणून प्रत्येक बाळासाठी नवं दुपटं विणावं लागे.

ही दुपटी बयजा विणायची. हाडाची बारीक आकडी घेऊन ती बसली, की साखळीवर साखळी आणि खांबावर खांब असे टाके भराभर चढत. तीस वर्षं गावातल्या प्रत्येक बाळाच्या अंगावरचं पहिलं दुपटं बयजाच्या हातचं होतं. एखादी बाई भल्या पहाटे दारात आली आणि हसली, की बयजा ओळखायची, हिला दुपटं हवंय. तिला ते फार आवडायचं.

मग खालच्या खोऱ्यातून मैना नावाची सून गावात आली.

मैनालाही आकडीचं विणकाम येत होतं, पण अगदी साधं. ना नक्षी, ना झालर. सरळ ओळी, एकीवर एक. तिने शेजारणीच्या बाळासाठी एक दुपटं केलं. बारशाला बायका जमल्या. एकीने ते गालाला लावलं आणि म्हणाली, "अगं बाई, किती मऊ आहे गं!"

दुसरी म्हणाली, "बघू, बघू." मग तिसरी.

बयजा तिथेच बसली होती. तीस वर्षांत लोकांनी तिच्या दुपट्यांना सुबक म्हटलं होतं, टिकाऊ म्हटलं होतं. मऊ कुणी म्हटलं नव्हतं. घरी आल्यावर तिला भाकरी गोड लागेना.

त्या दिवसापासून बयजाचे डोळे मैनाच्या दाराकडे लागले. तिच्याकडे कोण गेलं, कोण हसत बाहेर आलं, काखेत काय होतं, सगळं ती टिपायची. कुणी मैनाचं नाव काढलं, की म्हणायची, "नवीन आहे, शिकेल हळूहळू." बोलताना नुसते ओठ हसायचे.

अशात बयजाची लेक तुळसा पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. बयजाने मनाशी ठरवलं, माझ्या नातवंडाचं दुपटं असं करायचं, की बारशाला जमलेल्या बायका मैनाचं नावच विसरतील. तिने जाळीचे मोर विणायला घेतले. एक मोर झाला, तो फिका वाटला, उसवला. पुन्हा विणला. मान वाकडी वाटली, पुन्हा उसवला.

तुळसा म्हणाली, "आई, साधंच कर ना. बाळाला मोराचं काय कळतंय?"

"तुला नाही कळायचं," बयजा म्हणाली.

एके दिवशी तुळसा पाण्याला गेली असताना मैना आली. तिच्या हातात घडी केलेलं दुपटं होतं. "मावशी, तुळसाताईंच्या बाळासाठी आणलंय. तुम्ही विणताय, माहीत आहे मला. पण अदलाबदलीला एक असू द्या."

नाही म्हणायला तोंड नव्हतं. बयजाने ते घेतलं. मैना गेल्यावर तिने ते गालाला लावलं. खरंच मऊ होतं.

यात आहे तरी काय, एवढं एकदा बघू, असं म्हणून तिने शेवटच्या टाक्याचं टोक मोकळं केलं आणि हलकेच ओढलं. आकडीचं विणकाम ते, एक टाका सुटला की दुसरा सुटतो. एक ओळ गेली. तिला वाटलं, थांबावं. दुसरी ओळ गेली. हात थांबेना. ओळीमागून ओळ सुटत होती आणि खरं सांगायचं, तर तिला त्यात गोडी वाटत होती. शेवटची साखळी सुटली, तेव्हा तिच्या मांडीवर नुसता वळ्यावळ्यांचा धागा उरला होता. तो तिने गुंडाळला आणि धान्याच्या कणगीमागे लपवला. लेकीला काही सांगितलं नाही.

चार दिवसांनी, दिवस भरायला महिना बाकी असताना, तुळसाच्या पोटात कळा सुरू झाल्या. दुपारी मुलगी झाली. ओंजळीत मावेल एवढी. रडलीसुद्धा मांजराच्या पिल्लासारखी.

सुईण म्हातारी आणि अनुभवी होती. तिने बाळाला तुळसाच्या उघड्या छातीवर ठेवलं आणि म्हणाली, "बयजा, दुपटं आण."

बयजाने जाळीचे मोर पुढे केले. दीड मोर झाला होता. सुईणीने त्यातून बोट आरपार घातलं. "यातून वारा येईल बाई. आणि बाळाची बोटं अडकतील. दुसरं काही?"

"गोधडी आहे."

"गोधडी जड. एवढ्याशा छातीला पेलायची नाही. हलकं, लोकरीचं हवं. दिवस मावळला की गारठा वाढेल, त्याच्या आत हवं."

तेव्हा तुळसा क्षीण आवाजात म्हणाली, "आई, मैनावहिनीनं दिलंय ना एक? पाणवठ्यावर सांगत होती मला. ते आण की."

तिने बाळाकडे पाहिलं. निळसर ओठ, इवलीशी मूठ. खोटं बोलावं, उंदरांनी कुरतडलं म्हणावं, असं तिच्या मनात येऊनही गेलं.

"मी उसवलं ते," ती म्हणाली.

तुळसाने डोळे मिटून घेतले. सुईणच म्हणाली, "मग उभी काय राहिलीस? जिने केलं होतं, तिला बोलाव."

मैनाच्या दाराकडे बयजाने इतके दिवस नुसतं पाहिलं होतं. आज पहिल्यांदा ती तिथे जाऊन उभी राहिली. कणगीमागचा धागा तिने पदरात आणला होता. तिने सगळं सांगितलं.

मैनाचा चेहरा पडला. तिने तो धागा हातात घेतला. मग म्हणाली, "मावशी, आज मला तुमच्याशी बोलवणार नाही. पण बाळ माझं वैरी नाही. चला."

दोघी बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्याशी बसल्या. धागा मधोमध तोडला. अर्धं दुपटं मैनाने विणायला घेतलं, अर्धं बयजाने. सारख्या साखळ्या मोजून दोघींनी सुरुवात केली.

बयजाची बोटं मैनाहून चपळ होती, पण तिचा हात आवळलेला. खांब इतके घट्ट बसत होते, की तुकडा आक्रसत चालला. मैनाने एकदा बघितलं, दोनदा बघितलं. शेवटी म्हणाली, "धागा एवढा ओढू नका. त्याला सैल येऊ द्या."

आणि त्या घडीलाही, नात आत धडपडत श्वास घेत असताना, बयजाच्या मनात आलं, ही कालची पोर मला शिकवणार? तिचे कान तापले. पण त्याच क्षणी आतून बाळाचं ते बारीक रडणं आलं आणि मध्येच थांबलं. सुईणीने पाठ चोळली, मग पुन्हा आलं. बयजाचा हात सैल पडला. ती विणत राहिली, तेव्हा तिला मैना दिसेना, मोर दिसेनात, बारशाच्या बायका दिसेनात. फक्त पुढचा टाका दिसत होता.

ऊन भिंतीवरून उतरायच्या आत दोन्ही तुकडे झाले. मैनाचा सरळ. बयजाचा खाली अरुंद आणि वर रुंद. दोघींनी ते मधोमध जोडले आणि बाळाला त्यात गुंडाळलं. गारठा वाढला, पण बाळाचे पाय कोमट राहिले. तिसऱ्या दिवशी त्याने दूध ओढलं.

बारशाला बायका जमल्या. एकीने पाळण्यात डोकावून विचारलं, "हे असं वेडंवाकडं कसं गं? बयजाच्या हातचं वाटत नाही."

तुळसा आईकडे बघत होती. बयजा उठून उभी राहिली आणि काय घडलं, ते तिने सगळ्यांसमोर सांगितलं.

बायका उठून गेल्या नाहीत, पण पुढचं वर्षभर कुणी बयजाकडे दुपटं मागायलाही आलं नाही. पुढे मैनाच तिच्या दाराशी आली, सुबक काठ कसा विणायचा, ते शिकायला. बयजाने तिला शिकवलं, काही हातचं न राखता. आणि त्या वर्षभरातच, पठारावर कोवळं गवत उगवलं, तेव्हा तुळसाची लेक त्या वाकड्या दुपट्यावर पालथी पडायला शिकली.

तर बाळांनो आणि मोठ्यांनो, ध्यानात ठेवा: दुसऱ्याचं उसवून आपलं काही विणून होत नाही.