दर्यादादाची वाट

एकदा काय झालं, दर्या निघाला बहिणीकडे. दर्याला बहीण होती, बरं का. खाडी तिचं नाव. दोघांच्या मध्ये वाळूची एक लांबलचक पट्टी, जीभ बाहेर काढल्यासारखी. पट्टीच्या टोकाला भाऊबहीण रोज भेटायचे. पण भाऊबीजेला कोणी टोकाला उभं राहून भेटतं का? त्या दिवशी दर्या सरळ वाळूवरून चालत बहिणीच्या घरी जायचा.

मग त्या वाळूवर माणसं आली. तीन होड्या, थोडी जाळी, कडेवर पोरं. जोमा नाखवा त्यांचा म्होरक्या. पट्टीच्या मधोमध त्याला सारवल्यासारखी सपाट जागा दिसली. "वा! माझं घर इथंच," तो म्हणाला. ती कुणाची वाट आहे, हे त्याला काय माहीत?

भाऊबीज आली. संध्याकाळी दारात एक उंच माणूस उभा. अंगावरून पाणी निथळतंय, डोक्यावर चंदेरी मासळीची पाटी.

"नाखवा, जरा वाट द्या. बहीण थांबलीय."

"घरातून कुठं वाट असते, बाबा? टोकाकडून वळसा घाल."

दर्या वळसा घालून गेला. पोचेपर्यंत उशीर झाला. खाडीनं चंद्रालाच ओवाळून घेतलं होतं.

दुसऱ्या वर्षी तो पुन्हा आला. जोमाची बायको मथुरा म्हणाली, "अहो, जाऊ द्या की त्याला."

जोमा हसला. "आज याला सोडलं, तर उद्या सगळा गाव माझ्या चुलीवरून चालेल!"

दर्या पुन्हा वळसा घालून गेला. पण तो गेल्यावर बघतात तर ओट्यावर गुडघाभर पाणी.

तिसऱ्या वर्षी कोणी विचारायला आलं नाही. लाटाच आल्या, माडाएवढ्या. जोमानं दाराशी वाळूचा बांध घातला. लाट आली, बांध गेला. त्यानं पुन्हा घातला.

आणि मथुरेचा भाऊ पोशा त्याच दर्यात होता. पलीकडच्या बंदरातून बहिणीकडे यायला निघालेला. त्याची होडी दिसायची, लाटेआड जायची, पुन्हा दिसायची. मथुरा ओवाळणीचं ताट हातात घेऊन उभी.

"अहो," ती म्हणाली, "घर काढा."

"वेड लागलं का तुला?"

"वाट मागायला यायचा तो दर्याच होता. तिकडे खाडीही अशीच ताट घेऊन उभी असेल. तिचा भाऊ तुम्ही अडवलात, म्हणून माझा अडकलाय."

जोमानं होडीकडे पाहिलं. एकदा घराकडे पाहिलं. मग स्वतःच छपराची झापं ओढायला लागला. शेजारी धावले. कोणी वासे काढले, कोणी कुडाच्या भिंती उचलल्या. मथुरेनं चूलसुद्धा हलवली. वाट मोकळी झाली.

मग लाटा निजल्या. पाण्याची एक पातळ चादर सरसरत वर आली. घोट्याएवढीच, बरं का, दोन्हीकडच्या झोपड्यांना न शिवता. आणि तिच्यावर तरंगत पोशाची होडी आली.

"ताई, तुझं घर कुठाय गं?"

"घर राहू दे. तू आधी बस."

तिनं त्याला ओवाळलं. मग खाली वाकून पाण्यालाही ओवाळलं. पाणी क्षणभर थांबलं आणि लगबगीनं खाडीकडे गेलं. चंद्र अजून बुडायचा होता.

जोमानं घर बाजूला बांधलं, थोडं लहान. त्या वर्षी खाडीत इतकी मासळी आली, की पोरंसुद्धा टोपलीनं उपसायची. मग गाव वाढला. देऊळ आलं, शाळा आली, बर्फाचा कारखाना आला. पण त्या वाटेवर कोणी घर बांधत नाही, की बोंबील सुकवायला काठी रोवत नाही. भाऊबीजेला बायका ती वाट झाडून ठेवतात. दर्या येतो, बहिणीला भेटतो, जातो. गाव आहे तिथंच आहे, आणि राहणार.

जोमा, मथुरा सगळी सुखानं नांदली. ऐकू येतंय ना बाहेर? भाऊबहीण बोलतायत. बोलू दे त्यांना. पांघरूण घ्या नि डोळे मिटा, लेकरांनो.