राजा घोंगडीवर बसला

एकदा काय झालं, भाद्रपद वद्य तृतीया होती. रात्रभर भुरभुर पडून सकाळी उघडीप झाली होती. पाय आत घ्या पोरांनो, सरकून बसा. तर त्या सकाळी राजाचा माणूस दवंडी पिटत धनगरांच्या वाडीवर आला.

"ऐका हो ऐका! कोजागिरीला राजवाड्यापुढं मेळा भरणार. कारागिरांनी वस्तू आणाव्यात, वाजवणाऱ्यांनी वाद्यं आणावीत. ज्याची वस्तू राजाच्या मनात भरेल, तो मागेल ते मिळेल!"

त्या वाडीत धुळाप्पा राहायचा आणि त्याची बायको लगमा. ती सूत कातायची, तो घोंगड्या विणायचा. मेंढरंही होती, पण चरायला जागा नव्हती. राजानं आपल्या हरणांसाठी त्यांच्या कुरणाला काटेरी कुंपण घातलं होतं. मेंढरं कुंपणाला तोंड लावून उभी राहायची आणि तिथंच बसायची. बसलेली कधी उठायची, कधी उठायची नाहीत.

दवंडी ऐकून लगमा म्हणाली, "धनी, आपण कुरण मागायचं. दुसरं काही नाही."

आता धुळाप्पा भला माणूस, पण रीतीचा पक्का. त्यांची रीत अशी, की दारी कुणी आलं तर घोंगडी अंथरायची. घोंगडीवर बसला तो पाहुणा, आणि पाहुण्याकडं काही मागायचं नाही. शेजारच्या बिराप्पानं याची लोकर कापायची कातर नेली होती. धुळाप्पा ती मागायला तोंड उघडी, तोवर बिराप्पा घोंगडीवर मांडी घालून बसलेला असे! लगमा म्हणायची, "बसवा, बसवा. उद्या मेंढरं न्यायला आला, तरी आधी घोंगडी झटकून अंथरा."

मग काय झालं, कळपातली म्हातारी काळी मेंढी बोलली. हो, बोलली, बरं का. म्हणाली, "लगमा, माझी लोकर घे. कातताना जी ओवी गाशील ती सुतात उतरेल. पण उतरली की तुझ्याकडं परत यायची नाही."

लगमा म्हणाली, "जाऊ दे. कुरण येईल."

मग ती कातायला बसली. आधी जात्यावरची ओवी गायली. ती सुतात गेली. दुसऱ्या दिवशी दळताना तिला त्यातला एकही शब्द आठवेना. मग पाळण्यातल्या लेकरासाठी गायची ती गायली. तीही गेली. मग उरली मेंढरांना घरी बोलावायची ओवी. ती गायली आणि तिचा आवाजच गेला. धुळाप्पाला हाक मारायला तोंड उघडलं, तर नुसती हवा.

धुळाप्पा रडला. मग त्यानं सुताला चिंचोक्याची खळ लावली आणि घोंगडी विणली.

कोजागिरीच्या सकाळी दोघं मेळ्यात गेली. काय तो मेळा! तांबट घागरीवर ठोके घालत होते, बुरूड टोपल्या वळत होते, कुंभाराचं चाक फिरत होतं. एकीकडं संबळ, एकीकडं तुणतुणं, आणि मधोमध ढोल लावून गडी नाचत होते. राजा पालांमधून पायी फिरत होता. घागरीपाशी थांबला, पुढं गेला. टोपलीपाशी थांबला, पुढं गेला. मग धुळाप्पाच्या पालापाशी आला.

राजा दारात आलेला बघून धुळाप्पानं काय केलं? घोंगडी झटकली आणि अंथरली.

लगमा धावली. "नको" म्हणायला तिनं तोंड उघडलं. आवाज कुठला?

"बसावं महाराज," धुळाप्पा म्हणाला. राजा बसला.

आणि घोंगडी गाऊ लागली. जात्यावरची गायली, पाळण्याची गायली, मेंढरांची गायली. ढोल थांबले. माणसं थांबली. राजाच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"माग," राजा म्हणाला. "काय हवं ते माग."

धुळाप्पानं खाली बघितलं.

"अरे माग!"

धुळाप्पा पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला.

तिसऱ्यांदा राजा म्हणाला, "शब्द दिलाय मी. लाजतोस काय?"

"काही नको महाराज," धुळाप्पा म्हणाला. "आपण बसलात, सगळं पावलं."

लगमानं राजाचे पाय धरले. कुरणाकडं हात केला, तोंडाशी नेला, पुन्हा कुरणाकडं केला.

"ही काय म्हणते?" राजानं विचारलं.

धुळाप्पाचे ओठ हलले. राजा अजून घोंगडीवरच बसला होता. "ती बोलत नाही महाराज," तो म्हणाला.

काय गं बकुळे? घोंगडीनं का नाही सांगितलं? तिच्यात घातलं होतं तेवढंच ती गाणार, बाळा. कुरणाचं तिच्यात कुणी घातलं नव्हतं.

मग राजा उठला. प्रधानाला म्हणाला, "पाहा, याला म्हणतात समाधानी माणसं." त्यानं धुळाप्पाला शेला दिला, लगमाला नारळ दिला. शिपायानं घोंगडीची घडी केली आणि राजवाड्यात नेली.

राजाला त्या घोंगडीवर छान झोप यायची. तो सुखात राहिला, त्याची हरणं सुखात राहिली. कुंपण होतं तिथंच राहिलं. दिवाळीपर्यंत धुळाप्पाची सगळी मेंढरं मेली. लगमा पुन्हा बोलली नाही. झालं. आता कुशीवर वळा आणि डोळे मिटा.