पोकळ वाजलेली तुळई

फार वर्षांपूर्वी घाटमाथ्यावरच्या एका इंग्रजी अमदानीतल्या बंगल्याची डागडुजी निघाली. त्याच्या सागवानी तुळईचं एक टोक वाळवीनं पोखरलं होतं, पण रंगाखाली ते कुणाला दिसत नव्हतं.

"सुतारानं ठोकलं की खरं बोल," जिना तिला म्हणाला.

"बोलले तर मला चुलीत घालतील."

"नाही बोललीस तर एक दिवस माणसांच्या डोक्यावर पडशील."

इनास मेस्त्रीनं हातोडी मारली. तुळईनं रोखलेला श्वास सोडला आणि ती पोकळ वाजली.

"काढून टाकायची का?" मालकीण पेरीनबाईंनी विचारलं.

"छे! किडकं तेवढं कापू, नवं लाकूड जोडू. बाकी अजून पोलाद आहे."

करवत लागली तेव्हा तुळई कळवळली. पण त्या पावसाळ्यात छप्पर पेलताना कित्येक वर्षांनी तिला धास्ती वाटली नाही.